एका दिवसाचा न्याय

इ.स.पू. 406 च्या शरदात अथेन्सच्या नागरिकसभेत एका संध्याकाळी एक मोठा निकाल लागता लागता राहिला, आणि त्याचे कारण एवढेच की अंधार पडला होता. मत हात वर करून द्यायचे असे, आणि मावळत्या उजेडात हात मोजता येईनात. आरोपी म्हणून सभेपुढे होते ते थोड्याच काळापूर्वी समुद्रात स्पार्टाचे आरमार बुडवून आलेले सेनापती. त्यांनी आपली बाजू मांडली होती, वादळ कसे होते हे सांगायला जहाजांचे सुकाणूवाले आणि इतर खलाशी उभे केले होते. सभेचे मन वळू लागले होते; कित्येक नागरिक त्यांना जामीन राहायला पुढे आले होते, असे इतिहासकार झेनोफन लिहितो. पण हात दिसेनात म्हणून विषय पुढच्या बैठकीवर गेला, आणि पुढच्या बैठकीत त्याच सभेने त्याच माणसांना एकाच मतदानात, सगळ्यांना मिळून, मृत्युदंड दिला. न्याय म्हणजे काय, कायद्याचा अधिकार कुठून येतो, शहाणा कोणाला म्हणावे, या प्रश्नांवर सॉक्रेटिस, प्लेटो आणि ॲरिस्टॉटल यांनी जे विचार मांडले ते आपण बहुधा निवांत बसून केलेले चिंतन म्हणून वाचतो. माझे म्हणणे असे आहे की त्या विचारांचा फार मोठा भाग या दोन बैठकांच्या मधल्या अंतरातून उगवला आहे. लोक तेच, आरोपी तेच, पुरावा तोच. मग यातला लोकांचा खरा निर्णय कोणता मानायचा?

आधी काय घडले ते नीट पाहू. स्पार्टाशी युद्ध सुरू होऊन पंचवीस वर्षे झाली होती. कोनॉन हा अथेन्सचा सेनापती लेस्बॉस बेटावरच्या मिटिलिनी बंदरात आपल्या जहाजांसह अडकून पडला होता आणि त्याला सोडवायला अथेन्सकडे ना आरमार उरले होते ना पैसा. देवळातल्या विजयदेवतेच्या मूर्तींचे सोने वितळवून नाणी पाडण्यात आली. तीस दिवसांत 110 जहाजे सज्ज झाली. वल्ही मारायला माणसे पुरेनात, तेव्हा गुलामांनाही जहाजांवर चढवले गेले आणि त्यांना स्वातंत्र्याचा शब्द दिला गेला. एरवी घोड्यावरून लढणारे श्रीमंत घरचे स्वारही वल्ह्यावर बसले. मित्रराज्यांची जहाजे येऊन मिळाल्यावर दीडशेहून अधिक जहाजांचे हे आरमार लेस्बॉस आणि आशियाचा किनारा यांच्यामधल्या अर्गिनुसी नावाच्या लहान बेटांजवळ स्पार्टाच्या 120 जहाजांशी भिडले. स्पार्टाचा नौसेनापती कॅलिक्रॅटिडास पाण्यात पडून मेला, त्याची सुमारे सत्तर जहाजे गेली. अथेन्सने पंचवीस गमावली. एका त्रिस्तरी युद्धनौकेवर सुमारे दोनशे माणसे असत, म्हणजे पंचवीस जहाजांवर पाच हजारांच्या आसपास. त्यातले बरेच जण फुटक्या सांगाड्यांना धरून पाण्यात तरंगत होते. सेनापतींनी ठरवले की बहुतेक आरमाराने मिटिलिनीकडे जायचे आणि 47 जहाजांनी मागे राहून बुडणाऱ्यांना उचलायचे. ही दुसरी कामगिरी थेरामेनीस आणि थ्रासिब्युलस या जहाजांच्या कप्तानांकडे दिली गेली. मग वादळ उठले. दोन्ही कामे राहिली, आणि माणसे बुडाली.

अथेन्समध्ये विजयाच्या बातमीमागोमाग ही बातमी आली. प्रेताला मूठभर माती मिळणे ही ग्रीक मनाला किती जिव्हाळ्याची गोष्ट होती हे सोफोक्लीसचे ‘अँटिगनी’ ज्याला ठाऊक आहे त्याला वेगळे सांगायला नको. हजारो घरांत तो हक्क समुद्राने हिरावून घेतला होता. दुःख खरे होते, आणि त्याला कोणीतरी दोषी हवा होता. मग वड्याचे तेल वांग्यावर निघायला वेळ लागला नाही. बचावाचे काम सोपवलेला थेरामेनीस उठून सेनापतींवरच आरोप करू लागला. डायोडोरस नावाचा पुढच्या काळातला इतिहासकार सांगतो की सेनापतींनीच आधी पत्र लिहून थेरामेनीसकडे बोट दाखवले आणि त्याला कोपऱ्यात ढकलले. झेनोफन सगळा दोष थेरामेनीसवर टाकतो. कोणाचेही खरे धरले तरी पुढचे चित्र बदलत नाही. दोन बैठकांच्या मध्ये अपाटुरिया हा सण आला. भाऊबंद एकत्र जमण्याचा, नव्या मुलांची नावे कुळात नोंदवण्याचा हा सण. त्यात यंदा कितीतरी पानांवर माणसे नव्हती. पुढच्या बैठकीला काळे कपडे घातलेली, केस भादरलेली माणसे मोठ्या संख्येने हजर होती. ते खरे आप्त होते की थेरामेनीसच्या लोकांनी आणून बसवलेले, यावर मतभेद होऊ शकतो. झेनोफन दुसरे म्हणतो. मला वाटते खरे आप्तही कमी नसतील.

त्या बैठकीत कॅलिक्झेनस नावाच्या सदस्याने पाचशेंच्या परिषदेचा ठराव आणला: आरोप आणि बचाव मागच्या वेळी ऐकून झालेच आहेत, तेव्हा आता सरळ मत घ्यावे. प्रत्येक कुळगटासाठी दोन घडे मांडावेत, एक दोषी म्हणणाऱ्यांचा, एक निर्दोष म्हणणाऱ्यांचा. आणि दोषी ठरले तर सगळ्यांना मृत्युदंड, मालमत्ता जप्त, तिचा दहावा हिस्सा देवीला. आठ सेनापतींपैकी दोघे मायदेशी परतलेच नव्हते, सहा हजर होते. मग एक माणूस पुढे आला. तो म्हणाला, मी पिठाच्या पिंपाला धरून वाचलो, आणि माझ्या आजूबाजूला बुडणाऱ्यांनी मला सांगितले होते की वाचलास तर लोकांना सांग, देशासाठी सर्वात चांगले लढलेल्यांना सेनापतींनी पाण्यातून उचलले नाही. या एका माणसाच्या साक्षीत काही खोटे नसेल. पण यातल्या कोणत्या सेनापतीने, कोणत्या क्षणी, काय करायचे सोडले, या प्रश्नाचे उत्तर त्या पिंपाला धरून समुद्रात तरंगणाऱ्या माणसाकडे असणे शक्यच नव्हते. युरिप्टोलेमस नावाच्या नागरिकाने सभेत नेमके हेच दाखवले. सहांपैकी एकाचे स्वतःचेच जहाज बुडाले होते, तो नशिबाने वाचला होता. ज्याला वाचवायला कोणी आले नाही त्यालाच वाचवले नाही म्हणून मारायचे का? सुक्याबरोबर ओलेही जळते ते असे. त्याची मागणी साधी होती: प्रत्येकाचा खटला वेगळा चालवा, एकेकाला पूर्ण वेळ द्या.

त्याने आणि इतर काहींनी कॅलिक्झेनसवर नियमबाह्य ठराव आणल्याची फिर्यादही ठोकली. अथेन्सच्या पद्धतीत हे मोठे हत्यार होते: फिर्याद झाली की ठराव थांबे आणि त्याची कायदेशीरता आधी तपासली जाई. तेव्हा जमावातून ओरडा झाला की लोकांना हवे ते करू दिले जात नसेल तर तो अनर्थच. कोणीतरी सुचवले की आडवे येणाऱ्यांनाही सेनापतींबरोबरच मतदानाला घाला. फिर्याद मागे घ्यावी लागली. त्या महिन्याभराच्या पाळीत सभेचे कामकाज चालवणाऱ्या पन्नास जणांपैकी काहींनी ठराव मताला टाकायला नकार दिला. त्यांनाही तीच धमकी मिळाली आणि त्यांची पाचावर धारण बसली. एक जण बधला नाही. वयाची साठी ओलांडलेला, चिठ्ठी टाकून त्या वर्षी परिषदेवर आलेला हा माणूस म्हणजे सॉक्रेटिस. कायद्याबाहेर आपण काहीही करणार नाही, एवढेच तो म्हणाला. झेनोफन एका ठिकाणी त्याला पन्नासांतला एक म्हणतो, दुसऱ्या ठिकाणी त्या दिवसाचा अध्यक्ष. काहीही असले तरी त्याच्या नकाराने काही अडले नाही. आधी युरिप्टोलेमसच्या बाजूने मत पडले, त्यावर हरकत आली, पुन्हा मत घेतले तर परिषदेचा ठराव मंजूर झाला. सहाही जणांना ठार करण्यात आले. डायोडोरसच्या सांगण्याप्रमाणे त्यातला डायोमेडॉन जाता जाता एवढेच बोलला, की विजयासाठी आम्ही देवांना जे नवस बोललो ते आम्हाला आता फेडता येणार नाहीत, तेवढे तुम्ही फेडा.

इथे एक वजनदार आक्षेप येतो. सभाच सार्वभौम होती. मग तिने जे केले ते बेकायदा कसे? पाचामुखी परमेश्वर म्हणणाऱ्यांना हा आक्षेप सहज पटेल, आणि त्यात तथ्यही आहे. कायदा आणि ठराव यांतली रेघ तेव्हा अथेन्समध्ये पक्की आखलेली नव्हती. दोन्ही लोकांच्याच मतातून येत, दोन्हींना बळ तेच. युरिप्टोलेमसने आधार घेतलेला, एकेकाची वेगळी चौकशी सांगणारा कॅनोनसचा नियम हाही मुळात एक जुना ठरावच होता. पण हे मान्य केल्याने माझे म्हणणे कमकुवत होत नाही, उलट तिथूनच ते सुरू होते. त्या दिवशी जो प्रश्न लोकांच्या गळ्याशी आला तो हाच: काल लोकांनी शांतपणे घातलेला नियम आणि आज लोकांनी संतापून केलेला ठराव यांत श्रेष्ठ कोण? दुसरा आक्षेप असा की झेनोफन लोकशाहीचा मित्र नव्हता, त्याने जमाव मुद्दाम काळा रंगवला असेल. रंग गडद असू शकतो. पण मूळ घटनेला साक्षीदार लोकशाहीच आहे. थोड्याच दिवसांत अथेन्सला पश्चात्ताप झाला आणि लोकांना फसवल्याबद्दल कॅलिक्झेनससह पाच जणांवर खटले भरायचे ठरले. ते पळून गेले. कॅलिक्झेनस पुढे परतला, पण गावाने त्याला जवळ केले नाही आणि तो उपासमारीने मेला. आणि प्लेटोच्या लेखनात सॉक्रेटिस अथेन्सच्या पंचांना तोंडावर सांगतो की तुम्ही त्यांना एकत्र दोषी ठरवले ते बेकायदा होते, आणि हे तुम्हीच नंतर मान्य केले. प्लेटोचे हे लिखाण वाचणाऱ्यांत ती सभा डोळ्यांनी पाहिलेली माणसे होती.

मारल्या गेलेल्या सहांतला एक पेरिक्लीस होता, थोर पेरिक्लीसचा अस्पाशियापासून झालेला मुलगा. त्याचे अख्खे आयुष्य अपवादांच्या दोन टोकांमध्ये बांधलेले आहे. आई आणि वडील दोघेही अथेन्सचे असतील तरच मूल नागरिक, हा इ.स.पू. 451 चा कायदा त्याच्या वडिलांनीच आणलेला. अस्पाशिया मिलेटसची, म्हणून हा मुलगा नागरिक नव्हता. पुढे साथीत पेरिक्लीसची औरस मुले मेली, तेव्हा खचलेल्या बापाने लोकांकडे याचना केली आणि लोकांनी दयेने कायदा बाजूला ठेवून मुलाला नागरिक केले. तेवीस-चोवीस वर्षांनी त्याच लोकांनी रागाने कायदा बाजूला ठेवून त्याचा जीव घेतला. दया आणि राग यांत फरक आहे हे खरेच. पण जी सत्ता एका दुपारी नियमाबाहेर जाऊन देऊ शकते ती दुसऱ्या दुपारी तशीच घेऊ शकते. झेनोफनने सॉक्रेटिसच्या आठवणींत एक संवाद दिला आहे, त्यात तरुण ॲल्सिबायडीस आपला पालक असलेल्या थोरल्या पेरिक्लीसला विचारतो, कायदा म्हणजे काय? पेरिक्लीस म्हणतो, लोकांनी जमून मान्य केलेले आणि लिहून काढलेले ते कायदा. ॲल्सिबायडीस खोदत जातो आणि शेवटी त्याच्याकडून कबूल करून घेतो की समजूत न पटवता लादलेले काहीही, मग ते जुलमी राजाने लादो की बहुसंख्येने, बळजबरीच असते. हा संवाद खरोखर झाला असे मानायची गरज नाही. अर्गिनुसीची सभा ज्या लेखणीने टिपली तिनेच तो लिहिला आहे, हे मला अधिक महत्त्वाचे वाटते.

त्या काळच्या अथेन्समध्ये याचे एक तयार उत्तर हिंडत होतेच. भाषणकला शिकवणाऱ्या सोफिस्टांपैकी काही जण सांगत की कायदा हा माणसांनी केलेला करार, निसर्गाचा नियम वेगळा. प्लेटोच्या ‘रिपब्लिक’मध्ये थ्रासिमाकस तर उघडच म्हणतो की न्याय म्हणजे बलवानाचे हित. बळी तो कान पिळी, हाच तो सिद्धांत. सभेत ओरडणाऱ्यांना सोफिस्ट माहीत असोत नसोत, लोकांना हवे ते करू द्या ही आरोळी त्याच सिद्धांताची होती. बलवान एवढाच बदलला होता की तो आता एक माणूस नव्हता, जमाव होता. आणि सॉक्रेटिसने याला जे उत्तर दिले ते मला त्याच्या कोणत्याही वादापेक्षा या नकारात स्वच्छ दिसते. सेनापती निर्दोष आहेत असे तो म्हणाला नाही. ते दोषी होते की नव्हते हे त्याला ठाऊक नव्हते आणि ठाऊक असल्याचा आव त्याने आणला नाही. हे कळण्याची ही रीत नव्हे, एवढेच तो म्हणाला. आपल्याला ठाऊक नाही हे ठाऊक असणे म्हणजे शहाणपण, अशी त्याची ख्याती आहे, आणि ती आपण एका ऋषितुल्य माणसाची नम्रता म्हणून घेतो. पण प्रत्येकाला वेगळा दिवस देणारा, बचाव ऐकून घेणारा, फिर्याद झाली की ठराव थांबवणारा कायदा दुसरे काय करतो? तो सगळ्या गावाच्या वतीने कबूल करतो की आम्हाला अजून ठाऊक नाही.

दोन वर्षांत अथेन्स हरले आणि स्पार्टाच्या पाठबळावर तीस जणांची सत्ता आली. त्यांनी सुमारे दीड हजार माणसे मारली. त्यांनी सॉक्रेटिसला चार जणांसोबत सलामिसच्या लिऑनला पकडून आणायला धाडले. बाकीचे चौघे गेले, सॉक्रेटिस घरी गेला. थेरामेनीस या तिसांतलाच होता. तिसांतल्याच क्रिटियासशी त्याचे बिनसले तेव्हा त्याला कायद्याचा आडोसा होता: मान्य तीन हजारांच्या यादीत ज्याचे नाव त्याला परिषदेच्या मताशिवाय मारता येत नसे. क्रिटियासने यादीतून त्याचे नावच खोडले आणि त्याला हेमलॉक प्यायला लावले. जमावाचा ठराव आणि हुकूमशहाची खोडलेली ओळ, दोन्हींनी एकच गोष्ट केली. म्हणूनच इ.स.पू. 403 मध्ये थ्रासिब्युलसने लोकशाही परत आणल्यावर लोकांनी जे नियम केले ते मला इतके बोलके वाटतात. अलिखित कायदा कोणत्याही अधिकाऱ्याने वापरायचा नाही. परिषदेचा वा लोकांचा कोणताही ठराव कायद्याहून वरचढ नाही. एका माणसापुरता कायदा करायचा नाही, सर्वांना लागू असेल तोच करायचा. अपवाद हवा तर सहा हजार जणांनी गुप्त मत द्यायला हवे. हे नियम अँडोकायडीसच्या भाषणात नोंदलेले आहेत. कायदे नव्याने लिहून काढण्याचे काम त्याआधी, इ.स.पू. 410 पासून सुरू होते हे खरे, आणि तिसांचा अनुभव ताजा होता हेही खरे. सगळे श्रेय अर्गिनुसीला देता येणार नाही. पण लोकांचा ठराव ही अडचण तिसांनी निर्माण केलेली नव्हती. ती त्या सभेची आठवण आहे. त्या लेखनकार्यातला एक दगड आजही अथेन्सच्या शिलालेख संग्रहालयात आहे: ड्रॅकोचा मनुष्यहत्येचा कायदा, इ.स.पू. 409-408 मध्ये नव्याने कोरलेला. वरून घासल्या गेलेल्या या संगमरवरावरचा कायदा हेतू नसताना घडलेल्या हत्येपासून सुरू होतो. ठरवून मारणे वेगळे, न ठरवता मरण घडणे वेगळे, हे ज्यांनी दगडात कोरले त्यांनीच जेमतेम तीन वर्षांनी वादळ आणि गुन्हा एका घड्यात घातले.

मग सर्वात कठीण आक्षेप. या सुधारलेल्या कायद्यानेच इ.स.पू. 399 मध्ये सॉक्रेटिसला मारले. आरोप लेखी होता, पंच शपथ घेतलेले, दोन्ही बाजूंना पाणघड्याळाने मोजून सारखा वेळ. कायद्याने काय साधले? उत्तर सोपे नाही आणि ते सोपे करू नये. रीत पाळली म्हणून निकाल बरोबर येतोच असे नाही. रीत मोडली तर तो बरोबर आला तरी ते कळायला मार्ग राहत नाही. तुरुंगात त्याचा मित्र क्रिटो त्याला पळवून न्यायची सगळी तयारी करून आला तेव्हा सॉक्रेटिसने निकाल योग्य आहे असे एकदाही म्हटले नाही. त्याने अथेन्सचे कायदेच समोर येऊन बोलत आहेत अशी कल्पना केली, आणि त्यांचा प्रश्न असा की न्यायालयाचे निकाल खासगी माणसे परस्पर रद्द करू लागली तर गाव टिकेल का? काहींना यात विसंगती दिसते: 406 मध्ये लोकांना नाही म्हणणारा, 399 मध्ये लोकांच्या हातून निमूट मरणारा. मला दोन्ही वेळचे नकार एकच वाटतात. पहिल्या वेळी जमावाला आपल्या खात्रीपुढे नियम नको होता, दुसऱ्या वेळी क्रिटोला. क्रिटोची खात्री खरी होती, जमावाची खोटी. पण खात्री आतून दोघांनाही सारखीच वाटत होती.

कायदा पुरा पडत नाही हे प्लेटो आणि ॲरिस्टॉटल दोघांनीही पाहिले. ॲरिस्टॉटल काही काळ लेस्बॉसवर राहिला होता, आणि तिथल्या गवंड्यांची शिशाची पट्टी त्याने नीतिशास्त्रात आणली आहे: दगड जसा वळतो तशी ती वळते. कायदा सर्वांसाठी लिहिलेला, म्हणून एखाद्या प्रसंगी तो तोकडा पडतो. तिथे अशी वळणारी समज लागते, आणि ठरावाची जागाही तिथेच. त्याच माणसाने ‘पॉलिटिक्स’मध्ये लिहिले की जिथे कायद्याऐवजी ठरावांचे राज्य चालते तिथे चिथावणी देणारे पुढारी निपजतात. दोन्ही विधाने एकत्र वाचली की त्याचा तोल कळतो: पट्टी दगडासाठी वळावी, गवंड्याच्या रागासाठी नव्हे. प्लेटोचा प्रवास लांबचा. आधी त्याने तत्त्वज्ञ राजाच्या हाती सगळे सोपवले; उतारवयात ‘कायदे’ हा प्रचंड ग्रंथ लिहिताना राज्यकर्त्यांना कायद्याचे सेवक म्हटले. आपल्या खटल्यात सॉक्रेटिस म्हणाला होता की जिवाचा निकाल एका दिवसात लावायचा नाही असा कायदा इतरांकडे आहे तसा तुमच्याकडे असता, तर मी तुम्हाला पटवू शकलो असतो. त्या ग्रंथाच्या नवव्या भागात प्लेटोने तो कायदा घातला आहे. देहान्ताच्या खटल्यात न्यायाधीशांनी ज्येष्ठतेने जवळजवळ बसावे, दोन्ही बाजूंचे ऐकावे, सर्वात वयस्काने आधी प्रश्न विचारावेत, मग बाकीच्यांनी. जे महत्त्वाचे निघेल ते लिहून, सर्वांनी सही करून हेस्टिया देवीच्या वेदीवर ठेवावे आणि घरी जावे. दुसऱ्या दिवशी त्याच जागी पुन्हा तेच करावे. तिसऱ्या दिवशी पुन्हा. आणि मगच मत द्यावे.